एकोणीस रुपयांची मराठी

१८ फेब्रुवारी २०२३ हा महाशिवरात्रीचा दिवस. मुंबईतील आमच्या सहकाऱ्यांना त्या दिवशी सुट्टी होती. कोलकात्यात मात्र तो नेहमीसारखा कामाचा तिसरा शनिवार होता. संध्याकाळी सातच्या सुमारास शाखेतून घरी परतले, तेव्हा आई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेली होती. उपवासाचे ताट तसेच झाकून ठेवलेले. पडद्यावर चित्र नव्हते. ही वाहिनी सध्या उपलब्ध नाही, अशा अर्थाची इंग्रजीतील एक ओळ तेवढी दिसत होती.

“अगं, या महिन्याचे पैसे भरलेत ना आपण?” आईने विचारले.

भरले होते. पावतीही होती. पैसे वेळेवर भरले की सेवा मिळते, या व्यवहारातील साध्या नियमावर आमच्या आईचा गाढ विश्वास आहे. बँकेत काम करणाऱ्या मुलीची आई म्हणून असेल, किंवा सातारच्या यादोगोपाळ पेठेत वाण्याची उधारी कधीही एक तारखेच्या पुढे न नेणाऱ्या गृहिणीची सवय म्हणून असेल. मी केबलवाल्या मुलाला दूरध्वनी केला. त्याच्याकडे त्या संध्याकाळी बहुधा शंभरावा दूरध्वनी गेला असावा. त्याने एवढेच सांगितले की तक्रार आमच्या घरची नाही, वरूनच वाहिन्या बंद झाल्या आहेत. मग आईशी बोलायला मागितले आणि म्हणाला, “आशबे माशीमा, आशबे.” म्हणजे येईल, मावशी, येईल.

आईला येणाऱ्या पाच-सहा बंगाली शब्दांत त्या दिवशी या शब्दाची भर पडली.

माझी कोलकात्याला बदली झाली ती २०२२ च्या जूनमध्ये, पदोन्नतीबरोबर. वडील गेल्यानंतर आई एकटीच साताऱ्याला होती, तिला सोबत आणले. हाजरा मोडपासून चालत दहा मिनिटांवर घर मिळाले. शेजार उत्तम, माणसे अगत्यशील. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळात आईच्या कानावर मराठीचा एक शब्दही पडण्याची सोय नव्हती. बदलीच्या नोकरीत ज्यांनी आपल्या वृद्ध आईवडिलांना परप्रांतात नेले आहे, अशा आपल्या अनेक सहकाऱ्यांना या दहा तासांची लांबी सांगावी लागणार नाही.

केबलची जोडणी घेताना मी वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शोभेल अशा रीतीने कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. केबलवाल्याने एक छापील पत्रक दिले. त्यात बंगाली संच, बंगाली-हिंदी संच, खेळांसह संच अशी नावे आणि पुढे रकमा होत्या. मराठी वाहिन्या यांपैकी कुठेच नव्हत्या. त्या हव्या असल्यास वेगळे पैसे देऊन जोडून घ्याव्या लागणार होत्या. मी हिशेब केला आणि ठरवले, की एक मराठी वाहिनी पुरे. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तुला परवडेल तसं कर.” हे वाक्य आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते आणि त्याचा अर्थ आपण नेहमी सोयीस्कर लावतो.

तिची नेहमीची मालिका दुसऱ्या वाहिनीवर होती, हे मला तब्बल दीड महिन्याने कळले. तेही तिच्याकडून नव्हे. साताऱ्याहून मावशीचा दूरध्वनी आला आणि ती मलाच म्हणाली, “हल्ली ताईशी बोलायला काही विषयच राहिला नाही बघ. पूर्वी रोज मालिका संपली की आमचं अर्धा तास चालायचं.” दोघी बहिणी, एक साताऱ्यात आणि एक कोलकात्यात, एकाच वेळी एकच मालिका पाहत आणि मग त्यातील सासवासुनांच्या निमित्ताने आपापल्या घरचे बोलून घेत. मी महिन्याकाठी जेमतेम वीस-बावीस रुपये वाचवले होते. दुसऱ्या दिवशी ती वाहिनी जोडून घेतली. तेव्हापासून केबलच्या दरपत्रकाकडे मी जरा अधिक लक्ष देऊन पाहू लागले.

कोलकात्यात या विषयाचा इतिहास मोठा आहे. तो मला सांगितला आमच्या शाखेतील हेड कॅशियर दादांनी, दुपारच्या चहाच्या वेळी, अनेक हप्त्यांत. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास आपल्या शहरांतून केबलच्या तारा दिसू लागल्या. तेव्हा गल्लीतील एखादा उद्योगी तरुण छतावर तबकडी बसवी, घरोघर तार ओढी आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला पैसे गोळा करी. वाहिन्या कोणत्या, हे तोच ठरवी. दर किती, हेही तोच. केबलचा कायदा झाला १९९५ साली, पण दरांची व्यवस्था लावण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

नंतर आली ती ‘कॅस’ नावाची योजना. प्रत्येक घरी सेट टॉप बॉक्स बसवायचा, आणि ग्राहकाने ज्या सशुल्क वाहिन्या निवडल्या असतील तेवढ्यांचेच पैसे द्यायचे. कल्पना सरळ होती. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत ती १५ जुलै २००३ पासून लागू व्हायची होती. प्रत्यक्षात त्या वर्षी १ सप्टेंबरला ती एकट्या चेन्नईत आली. दरम्यान प्रसारणाचे दर हा विषय जानेवारी २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे आला, आणि ट्रायने पहिली गोष्ट केली ती म्हणजे २६ डिसेंबर २००३ रोजी जे दर होते तेथेच ते गोठवले. उरलेल्या तीन महानगरांना कॅससाठी २००६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत थांबावे लागले. तेही दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, आणि शहरांच्या अधिसूचित भागांपुरतेच.

त्या वेळचे दर आज वाचताना गंमत वाटते. किमान ३० मोफत वाहिन्यांसाठी महिना ७७ रुपये आणि कोणत्याही सशुल्क वाहिनीसाठी जास्तीत जास्त ५ रुपये, कर वेगळे. खोक्यासाठी ९९९ रुपये अनामत ठेवली, तर भाडे महिना ३० रुपये. आमचे दादा राहत होते त्या गल्लीत कॅस लागू झाली. रस्ता ओलांडला की त्यांच्या मेहुण्याचे घर, तेथे झाली नाही. दादांनी अनामत भरली, खोके आणले, वाहिन्यांचा अर्ज भरला आणि मोजून आठ वाहिन्या घेतल्या. मेहुण्याकडे खोके नाही, अर्ज नाही, एकरकमी पैसे आणि सगळ्या वाहिन्या. “सामना असला की मीच रस्ता ओलांडून त्याच्याकडे जायचो,” दादा सांगत. “आणि जाताना त्याच्यासाठी मिष्टी घेऊन जायचो. हिशेबात तेही धरा.”

पुढे २०११ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सर्वच केबल डिजिटल करण्याचे ठरले. चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही अंतिम तारीख होती. पश्चिम बंगाल सरकारचा या घाईला विरोध होता, आणि कोलकात्यात जुने प्रक्षेपण त्या तारखेनंतरही काही काळ चालूच राहिले. लोकांच्या घरातील पडदे एका रात्रीत काळे होऊ नयेत, ही सरकारची भूमिका. ती राजकीय होती हे खरे. पण ज्याच्या घरचा पडदा काळा झाला आहे, त्याला ती पटण्यासारखीही होती.

आजची जी व्यवस्था आहे ती मुख्यतः २०१७ च्या मार्च महिन्यातील ट्रायच्या आदेशांतून आली. प्रक्षेपक कंपन्या न्यायालयात गेल्या, ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश उचलून धरला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून तो घरोघरी लागू झाला. कोलकात्यात तेव्हाही केबलचालक उच्च न्यायालयात गेले होते. त्यांना अल्पकाळ स्थगितीही मिळाली, पण ती टिकली नाही. नव्या पद्धतीत बिलाचे दोन भाग झाले. पहिला भाग तार घरात येण्याचा. त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. १०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा. प्रत्येक वाहिनीची किंमत प्रक्षेपकाने जाहीर करायची आणि ग्राहकाने हवी ती सुटी निवडायची. वाहिनी एखाद्या संचात घालायची असेल, तर तिची जाहीर किंमत १९ रुपयांपेक्षा अधिक असता कामा नये.

हा १९ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती कमाल मर्यादा होती. परंतु २०१९ साली दरपत्रके जाहीर झाली, तेव्हा झी मराठी १९ रुपये, झी बांगला १९ रुपये, स्टार प्लस १९ रुपये, स्टार जलसा १९ रुपये. लोकप्रिय वाहिन्या थेट मर्यादेला जाऊन भिडल्या. कमाल हीच किंमत झाली. मराठी आणि बंगाली या दोन भाषांची किंमत मात्र कागदावर अगदी सारखी निघाली, हे पाहून मला उगीचच थोडे बरे वाटले होते.

कागदावर, असे म्हणण्याचे कारण संचांचे गणित. हे गणित आपल्या बँकेतील जुन्या सहकाऱ्यांना चटकन उमगेल, कारण आपण ते एकदा अनुभवले आहे. १ जुलै २०१० रोजी बेस रेट आला, त्यापूर्वी आपल्याकडे बीपीएलआर हा दर होता. प्रत्येक बँक तो जाहीर करी. कर्जे मात्र बहुतांश त्याच्या खालच्या दराने दिली जात. ज्याच्याकडे घासाघीस करण्याची ताकद, त्याला सवलत. आणि ज्याला माहिती नाही किंवा ज्याचे कर्ज लहान, तो जाहीर दर मुकाट्याने भरणार. जाहीर दर हा व्यवहाराचा दर राहिलाच नव्हता. शेवटी रिझर्व्ह बँकेने ती पद्धतच बदलली.

वाहिनीची जाहीर किंमत ही नेमकी अशी बीपीएलआरसारखी आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीच्या पाच वाहिन्या आहेत. त्यांच्या सुट्या किमती १९, १०, ६, ३ आणि २ रुपये, एकूण ४० रुपये. आज नियमानुसार संचावर जास्तीत जास्त ४५ टक्के सवलत देता येते. ती दिली, तर पाचही वाहिन्यांचा संच २२ रुपयांना पडतो. म्हणजे तुम्हाला जी एकच वाहिनी हवी ती १९ रुपयांना, आणि नको असलेल्या चार तीन रुपयांना! मग एकच वाहिनी घेणारा शहाणा की वेडा? त्याला निवडीचा हक्क आहे, पण तो बजावण्याचे कारण त्याच्यापाशी उरत नाही. नको असलेल्या चार वाहिन्याही त्याच्या घरी पोहोचल्या, हे कंपनीला जाहिरातदारापुढे सांगता येते.

ट्रायला हे ठाऊक नव्हते असे नाही. २०१७ च्या मूळ आदेशात संचावरील सवलत १५ टक्क्यांपुरती मर्यादित ठेवण्याची तरतूद होती. मद्रास उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. म्हणून २०१९ ची सारी व्यवस्था सवलतीवरील लगामाविना सुरू झाली. १ जानेवारी २०२० रोजी ट्रायने सुधारणा केली. १३० रुपयांत १०० ऐवजी २०० वाहिन्या, संचातील वाहिनीची कमाल किंमत १९ ऐवजी १२ रुपये, सवलत ३३ टक्क्यांपर्यंत. या वेळी लढाई मुंबई उच्च न्यायालयात झाली आणि जून २०२१ मध्ये निकाल बहुतांशी ट्रायच्या बाजूने लागला. तरीही २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये १२ चे पुन्हा १९ झाले आणि ३३ चे ४५. ग्राहक म्हणून मला हा उलटा प्रवास समजलेला नाही. कारणे दिली गेली, ती मी वाचलीही. पण एखाद्या कर्जदाराला व्याजदर कमी केल्याचे पत्र पाठवून, तो अंमलात येण्याआधीच पूर्ववत केल्याचे दुसरे पत्र पाठवावे, तशातला तो प्रकार वाटला.

नवे दर १ फेब्रुवारी २०२३ पासून अंमलात आले. प्रक्षेपक कंपन्यांनी संचांच्या किमती वाढवल्या होत्या. अनेक मोठ्या केबल कंपन्यांनी नव्या करारांवर सही करण्यास नकार दिला. ग्राहक वाढ सोसणार नाही, तो केबल सोडून मोबाइलकडे जाईल, असे त्यांचे म्हणणे. डिझ्नी स्टार, झी आणि सोनी या तीन बड्या प्रक्षेपकांनी मग सही न करणाऱ्यांचे प्रक्षेपण तोडले. ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशन या केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार देशातील साडेचार कोटी घरांना याची झळ पोहोचली. त्या साडेचार कोटींतील एक घर हाजरा मोडजवळचे, आणि त्यात झाकलेले एक ताट.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या इमारतीच्या जिन्यात अनौपचारिक सभाच भरली. समोरच्या घरातील काकीमांची संध्याकाळची बंगाली मालिका गेली होती. वरच्या मजल्यावरील महाविद्यालयीन मुलाचे दुःख अधिक ताजे होते. दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी चालू होती आणि रवींद्र जडेजाने त्याच दिवशी ४२ धावांत सात बळी घेऊन सामना तिसऱ्या दिवशीच संपवला. मुलाने तो पाहिला नाही. मोबाइलवर आकडे वाचले. सर्वांचा राग अर्थातच निघाला तो पैसे गोळा करायला येणाऱ्या मुलावर. तो बिचारा सायकल टेकवून खाली उभा होता आणि प्रत्येकाला “आशबे” म्हणत होता.

त्या मुलाच्या वाट्याला काय येते, याचा हिशेब मी नंतर केला. १३० रुपयांची जी मूळ फी आहे, ती वेगळा करार नसल्यास केबल कंपनी आणि स्थानिक केबलचालक यांच्यात ५५ आणि ४५ अशी वाटली जाते. म्हणजे चालकाला ५८ रुपये ५० पैसे. सशुल्क वाहिन्यांच्या रकमेतील सुमारे ८० टक्के प्रक्षेपकाकडे जातात. उरलेल्या २० मध्ये पुन्हा तीच वाटणी, म्हणजे शंभर रुपयांतले ९ रुपये. यात तारांची दुरुस्ती, वसुलीला फिरणारी माणसे, दुर्गापूजेची गल्लीतील वर्गणी आणि आमच्यासारख्यांची बोलणी. पूर्वी वाहिन्या आणि दर ठरवणारा हा गल्लीचा राजा आता दुसऱ्याने ठरवलेल्या दरांचा वसुली प्रतिनिधी झाला आहे. काउंटरवर बसून वरिष्ठ कार्यालयाने ठरवलेल्या शुल्काबद्दल ग्राहकाचे बोल ऐकणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना त्याच्याविषयी थोडी सहानुभूती वाटायला हरकत नाही.

जुन्या राजाचीही एक आठवण येथे सांगितली पाहिजे. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाला गेलो असता एका वयस्क बाईंची आईशी ओळख झाली. लग्न होऊन कोलकात्यात आल्या त्याला पन्नास वर्षे झाली. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली, तेव्हा ती आपल्या घरी दिसावी म्हणून त्यांनी काय केले? परिसरातील नऊ मराठी घरांच्या सह्या घेतल्या, सोबत घरी केलेल्या चकल्यांचा डबा घेतला आणि केबलवाल्याकडे गेल्या. तेव्हाच्या तारेत जागा मर्यादित. एक वाहिनी आत घ्यायची तर दुसरी बाहेर काढावी लागे. त्याने चार दिवस मागून घेतले आणि कुठली तरी एक वाहिनी काढून अल्फा मराठी लावली. दर वाढवला नाही. “कोणती काढली कोण जाणे,” त्या म्हणाल्या, “कुणाचे तरी शाप लागले असतील.” आज नऊ सह्या आणि चकल्या लागत नाहीत, एकोणीस रुपये लागतात. हे अधिक न्याय्य आहे, असे माझी वाणिज्यातील पदवी मला सांगते. त्या बाईंना ते तितकेसे पटले नाही.

आमच्या शाखेचे एक खातेदार सोने-चांदीच्या गलाईचा व्यवसाय करतात. मूळ गाव विट्याजवळचे. खाली भट्टी आणि वर एक खोली, त्यात पत्नी आणि दोन मुले. त्यांनी या साऱ्या वादातून सरळ अंग काढून घेतले होते. छतावर तबकडी बसवून डीटीएच घेतले. तबकडीला प्रांत कळत नाही. विट्याला जी वाहिनी दिसते तीच बऱ्याबाजारातही दिसते, आणि फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात ती बंद पडली नाही. “मॅडम, गाव सुटलं तरी रिमोट गावचाच ठेवलाय,” असे ते मला म्हणाले. मीही तोच मार्ग घेतला असता, पण आमच्या इमारतीच्या गच्चीवर भाडेकरूंना तबकडी बसवण्याची परवानगी नाही. ग्राहकाची निवड अनेकदा अशा क्षुल्लक गोष्टीपाशी संपते, जिचा उल्लेख कोणत्याही दरपत्रकात नसतो.

त्या आठवड्यात आम्ही आणखी एक गोष्ट शोधून काढली. सोमवारी रात्री मी रिमोट घेऊन वाहिन्यांची पूर्ण यादी, पहिल्या क्रमांकापासून, धीराने चाळली. बंगाली बातम्या, भजने, खरेदीच्या वाहिन्या, दक्षिणेकडील चित्रपट असे करत करत शेवटी दूरदर्शनच्या वाहिन्यांपाशी आले, आणि तेथे सह्याद्री! दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या केबलवर दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यांत प्रादेशिक वाहिन्याही येतात. आम्ही आठ महिने जे १३० रुपये भरत होतो, त्यातच सह्याद्री आमच्या घरी येत होती. तिची ना कुणी जाहिरात केली, ना मी कधी यादीत तेवढे खाली गेले. आई मराठी बातम्या ऐकताना इतकी स्थिर बसली होती, की मी चहाचा कप तिच्या हाताशी ठेवला तो तिला कळलाही नाही. साताऱ्यात असताना ती सह्याद्री वाहिनी “जुन्या माणसांची” म्हणून लावत नसे.

मग मी नव्याने हिशेब मांडला. केबलवाल्याचा बंगाली-हिंदी संच आणि वर मराठी जोड मिळून आम्ही कर धरून महिना ३८० रुपये देत होतो. आईला समोर बसवून, या वेळी खरोखर विचारून, आम्ही काय पाहतो याची यादी केली. सह्याद्री आणि बातम्यांच्या काही वाहिन्या मोफत. सशुल्क वाहिन्यांपैकी खरोखर पाहिल्या जाणाऱ्या निघाल्या सात. त्यातील तीन कमाल मर्यादेवरच्या, म्हणजे ५७ रुपये. उरलेल्या चारांचे मिळून ३१. एकूण ८८. त्यात १३० मिळवले की २१८, आणि कर धरून २५७ रुपये २४ पैसे. ट्रायने २०२० साली वाहिन्या निवडण्यासाठी जे मोबाइल ॲप काढले, त्याचीही यात मदत झाली. हा हिशेब प्रत्येक घरी असाच सुटेल असे नाही. एकाच कंपनीच्या तीन-चार वाहिन्या आवडत असतील, तर वर दाखवल्याप्रमाणे संचच स्वस्त पडेल. ज्यांची आवड विखुरलेली आहे, किंवा जे परप्रांतात आहेत आणि ज्यांची भाषा तेथील कोणत्याच संचात नाही, त्यांनी मात्र एकदा कागद घेऊन बसावे. माझ्या अनुभवात अर्धा तास पुरतो. खरा वेळ लागतो तो घरातील प्रत्येकाला मनापासून बोलते करायला.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने १३० रुपयांच्या मूळ फीवरील मर्यादाही काढून टाकली. आता ती रक्कम केबल कंपनी स्वतः ठरवू शकते, फक्त जाहीर केली पाहिजे. त्यामुळे वरील आकडे तेव्हाचे समजावेत आणि आपल्या बिलावरील पहिली ओळ स्वतंत्रपणे वाचावी.

असो. त्या फेब्रुवारीकडे परत येते. वाहिन्या बंद होत्या तेव्हा मावशीने साताऱ्यात एक काम अंगावर घेतले. तिच्याकडे डीटीएच, त्यामुळे तिची मालिका चालू. रोज भाग संपला की ती आईला दूरध्वनी करी आणि त्या दिवशीचा भाग सांगे. केवळ कथा नव्हे. कोण काय बोलले, कोणी कोणती साडी नेसली होती, मागे कोणते दार उघडले, आणि पुढे काय होणार याविषयी तिचे स्वतःचे अंदाज. तिच्या तोंडून ती मालिका मूळ मालिकेपेक्षा पुष्कळच वेगाने चालत असावी. आई डोळे मिटून ऐके आणि मध्येच “मग? मग ती काय म्हणाली?” असे विचारी. मी शेजारच्या खोलीत शाखेची कामे उरकत असे आणि मलाही, ज्या मालिकेचे मी कधी एक दृश्य पाहिले नव्हते, तिचे सारे कथानक पाठ झाले.

आठवडा संपता संपता कंपन्यांचे करार झाले आणि वाहिन्या परतल्या. केबलवाला मुलगा मुद्दाम वर आला, दारातूनच पडद्यावरचे चित्र पाहिले आणि म्हणाला, “एशे गेछे, माशीमा.” आली. आईने त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

त्या रात्री मालिकेच्या वेळी मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत येऊन बसले. मालिका सुरू झाली होती. आईने रिमोट उचलला, आवाज पूर्ण बंद केला आणि मावशीला दूरध्वनी लावला.